पाणी चढण्याआधी

पावसावर कविता करणारा माणूस पावसाच्या धोक्याबद्दल काय सांगणार, असं कुणाला वाटेल. पण शिवडीच्या चाळीतल्या माणसाला दोन्ही पाऊस ठाऊक असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढा फरक! भरतीच्या वेळी मुसळधार आला, की समुद्र गटारांचं पाणी आत घेत नाही आणि हिंदमाता, परळ भाग बघता बघता तुंबतो.

अशा वेळी ज्या घरात दिव्यांग मूल आहे, त्या घराचं काय? शेजारी धावून येतात, हा चाळीचा स्वभावच आहे. पण मुलाला उचलायचं कसं, हे त्यांना माहीत नसतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांचं अंग ताठ होतं. घाईनं हात धरून ओढलं, तर ते आणखी ताठ होतं, इजाही होते. त्याला कसं धरायचं, हे आईला ठाऊक असतं. पण आई कामावर असली तर? म्हणून मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी मजल्यावरच्या दोघातिघांना चहाला बोलवा आणि मुलाला उचलून दाखवा. त्यांच्याकडूनही एकदा उचलवून घ्या, जिना उतरून पाहा. व्हीलचेअरवर भरवसा ठेवू नका. तुंबलेल्या पाण्यात ती चालत नाही, आणि खाली उघडं मॅनहोल असलं तर दिसत नाही.

फिट्सच्या गोळ्या अचानक बंद पडल्या तर फिट येण्याचा धोका वाढतो. तेव्हा आठवडाभराच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खुंटीला टांगा. कपाटात नको, घाईत किल्ली सापडत नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाला अंधारात खुणा दिसत नाहीत, म्हणून टॉर्च हवी. स्वमग्न मुलाला भोंगा आणि आरडाओरडा सोसत नाही. ते पलंगाखाली, मोरीत, कुठंही दडून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. त्याची दडायची जागा शेजारणीला आधीच सांगून ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं आठवं कलम याच विषयाचं आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवावी, असं ते सांगतं. कायदा चांगला आहे. पण कुणी दारात येऊन नोंद करून घेईल, या आशेवर बसू नये. महापालिकेच्या आपल्या विभाग कार्यालयात लेखी कळवा आणि अर्जाची पोच मागून घ्या.

महापालिकेचा आपत्तीसाठीचा क्रमांक १९१६ मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. फोन लागला, की पाणी किती चढलंय याचं वर्णन नंतर करा. पहिलं वाक्य एवढंच सांगा : चालता न येणारं मूल आहे, अमुक चाळ, अमुक मजला.