पार्किन्सन्स : चालता चालता बोलण्याचा सराव

पार्किन्सन्सचे रुग्ण चालत असताना कुणी काही विचारले की त्यांची पावले अडखळतात. मेंदूतील डोपामिन कमी झाल्याने चालणे आपोआप होत नाही, त्याकडे लक्ष द्यावे लागते.

सरावाने हे सुधारते. बेल्जियम व नेदरलँड्समधील १२१ रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) ६ आठवड्यांच्या घरगुती सरावानंतर दुसरे काम करतानाचा चालण्याचा वेग वाढला. दोन्ही कामांचा सराव वेगवेगळा केला तरी फायदा झाला.

गोळीचा परिणाम चांगला असताना, सपाट जागी, कुणाला तरी सोबत घेऊन चाला. भाज्यांची नावे सांगा, १०० मधून ३-३ वजा करत जा. पावले आखडली की आकडे सोडा, चालण्याकडे लक्ष द्या. वारंवार पडणाऱ्यांनी आकडेमोड बसूनच करावी. आणि रुग्ण वळत असताना किंवा रस्ता ओलांडताना घरच्यांनी प्रश्न विचारूच नयेत.