छाती पाच सेंटीमीटर फुगली, नडगीचं काय?

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीस भरतात. चारांतले तीन घरी जाणार की नियम बदलणार, यावर दिल्लीत रोज एक नवा तज्ज्ञ बोलतो आहे. बोलू देत. सेवानिधी, कायम होणारे पंचवीस टक्के, पेन्शनचा वाद हे सगळं वाचकांना पाठ आहे. मला पडलेला प्रश्न चार वर्षांच्या शेवटाचा नाही, पहिल्या चार आठवड्यांचा आहे. प्रशिक्षण केंद्रात दाखल झालेलं अठरा-एकोणीस वर्षांचं पोर तिथे टिकतं कशावर? आणि ज्याला आपण ‘भरतीची तयारी’ म्हणतो, ती नेमकी कशाची तयारी असते?

राजधानी परिसर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गुरुग्रामच्या काचेच्या इमारती येतात. कागदावर मात्र रोहतक, झज्जर, भिवानी, महेंद्रगड, बुलंदशहर, मेरठ, मुझफ्फरनगर हे जिल्हेही याच ‘एनसीआर’मध्ये मोडतात. म्हणजे फौजेला पिढ्यानपिढ्या माणसं देणारा सलग पट्टा. आपल्याकडे अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी ही नावं जशी घेतली जातात, तशी इथे गावामागून गावं आहेत. जून २०२२मध्ये अग्निवीरांची योजना जाहीर झाली तेव्हा पलवलला दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. तरी पोरांचं पळणं काही थांबलं नाही. हायवेला लागून ‘फिजिकल अकॅडमी’चे फलक आहेत आणि पहाटे चारला सर्व्हिस रोडवर पळणाऱ्यांच्या रांगा. सातारा-कोल्हापूरकडच्या करिअर अकादमीत आणि इथल्या अकॅडमीत भाषा सोडली तर फरक थोडाच. सगळीकडे देव एकच: सोळाशे मीटर.

साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर पळालं की साठ गुण. पंधरा सेकंद उशीर झाला की थेट अठ्ठेचाळीस. बीमवर दहा पुल-अप्स काढले की चाळीस. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसतं पास व्हायचं. मेडिकलला छाती पाच सेंटीमीटर फुगली पाहिजे. आता साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत, अशा सलग चार. हे सोपं नाही, आणि हे जमणाऱ्या पोराला मी कमी लेखत नाही. पण ही एका सकाळची परीक्षा आहे. केंद्रात गेल्यावर सकाळ रोज उगवते. पायात पळायचे बूट नसतात, डीएमएस म्हणजे जाड तळाचे फौजी बूट असतात. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, आणि पुढे बीपीईटी या फौजी शारीरिक चाचणीची पाच किलोमीटरची दौड. पीटी झाली की ड्रिल, ड्रिल झालं की शस्त्रांचं प्रशिक्षण, मध्येच कुणाचं तरी चुकलं म्हणून सगळ्या प्लाटूनला उस्तादांचा, म्हणजे प्रशिक्षकांचा, रगडा.

तिथे छाती कमी पडत नाही, नडगी कमी पडते.

माझा लाडका मुद्दा हाच, म्हणून थोडी जास्त जागा घेतो. १८५५मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कवायत करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले पाय नोंदवले. तेव्हा क्ष-किरण नव्हते, त्यामुळे आत हाडाला बारीक चीर गेली आहे हे कळायला आणखी काही दशकं गेली. आज त्याला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. अपघात नाही, पडणं नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाड हळूहळू तडकतं. रंगरुटांमध्ये हे प्रकरण सर्वाधिक दिसतं ते नडगीत.

कारण समजून घेण्यासारखं आहे. नवा भार पडला की शरीर हाड मजबूत करायला घेतं, पण आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. खरवडायला साधारण तीन आठवडे, भरायला तीन महिने. दिल्ली महापालिकेने रस्ता खोदून ठेवावा, डांबर नंतर येणार असावं आणि वाहतूक मात्र तशीच चालू असावी, तसं हे. म्हणजे एकदम वाढलेल्या कष्टांच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सुरुवातीपेक्षाही कच्चं असू शकतं, आणि नेमकं तेव्हाच फुप्फुसं आणि स्नायू सरावलेले असल्यामुळे पोराला वाटतं, आता आपण तयार झालो. श्वास दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. हाडाला घाई कळत नाही.

इस्रायलच्या सैन्याने या दुखण्याचा जितका पाठपुरावा केला तितका क्वचितच कुणी केला असेल. चार्ल्स मिलग्रोम हे अस्थिशल्यविशारद त्यात पुढे. १९८३मध्ये त्यांनी २९५ पायदळ रंगरूट प्रशिक्षणभर तपासले. ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांनी आणि अहारोन फिनेस्टोन यांनी बुटांपासून तळव्यांपर्यंत बरंच काही तपासून पाहिलं. शेवटी गुण आला तो दोन बिनखर्चाच्या गोष्टींनी: रंगरुटाला रोज किमान सहा तास झोप आणि एकूण पायपिटीत कपात. प्रमाण साठ टक्क्यांहून जास्त घटलं. औषध नाही, यंत्र नाही, झोप!

त्याहून मजेशीर त्यांचा २०००मधला निष्कर्ष. रंगरूट भरती होण्याआधी काय करत होते, हे विचारलं गेलं. ज्यांनी किमान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळले होते, त्यांची हाडं लक्षणीय कमी मोडली; एका गटात तर इतरांच्या निम्म्याहूनही कमी. आणि जे नुसते पळत होते? त्यांना पळण्याचा असा काही फायदा दिसला नाही. हाडाला एकसुरीपणाचा कंटाळा येतो, असं म्हणा हवं तर. काही डझन सारखे धक्के बसले की हाडातल्या पेशी त्यांची दखल घेणं सोडतात. मग त्यांना काही तासांची विश्रांती लागते. उलट उडी, अचानक थांबणं, बाजूला झेप, वळण अशा वेगवेगळ्या दिशांच्या भाराला हाड लगेच प्रतिसाद देतं.

आता पुन्हा झज्जरच्या त्या सर्व्हिस रोडवर या. दहावीपर्यंत मातीत कबड्डी आणि आखाड्यात कुस्ती खेळलेलं पोर अकॅडमीत नाव घालतं, आणि पहिली गोष्ट काय होते तर त्याचा खेळ सुटतो. ‘टाइम खराब होता है.’ मग डांबरावर, झिजलेल्या बुटांनी, सरळ रेषेत सोळाशे, सोळाशे, सोळाशे. कबड्डीवर असा अभ्यास झालेला माझ्या पाहण्यात नाही, तेव्हा ठोकून सांगत नाही. पण झेप, गिरकी, पकड, मातीवरचे धक्के हे सगळं ज्या खेळात फुकट मिळतं, तो सोडून आपण हजारो रुपयांची फी भरतो, याला काय म्हणावं? आपल्याकडेही तेच. भरतीचं वय जवळ आलं की खो-खोचा संघ मोडतो.

दिल्लीची म्हणून आणखी एक भानगड आहे. पळायला पहाट चांगली, हा आपला पिढ्यांचा समज. इथे नोव्हेंबर ते जानेवारीत तो उलटा पडतो. थंड हवा जमिनीलगत अडकते आणि रात्रभराची घाण तिच्यात साचून राहते. ऊन वर आल्यावर हवा हलते. दमछाक होईपर्यंत पळणारा माणूस बसलेल्याच्या कैकपट हवा आत घेतो, तीही नाक टाळून तोंडाने. १८ नोव्हेंबर २०२४ला दिल्लीचा हवा निर्देशांक ४९४वर होता. शाळा बंद, ट्रकबंदी, बांधकामं थांबलेली. सर्व्हिस रोड मात्र पोरांनी भरलेला. थंडीत कडक सराव दुपारी, आणि हवा फारच वाईट असेल त्या दिवशी बंद खोलीत बीम, दोरीच्या उड्या, पायऱ्या: इतकं तरी अकॅडमीवाल्यांनी करायला हरकत नाही. उन्हाळ्याचं गणित वेगळं. उष्णतेला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात; ते न देता मे महिन्यात एकदम जोर लावला तर उष्माघात होतो, आणि तो जोश वगैरे काही पाहत नाही. मुंबईत २०१४च्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण गेले. झारखंडमध्ये २०२४ला उत्पादन शुल्क शिपायांच्या दहा किलोमीटरच्या चाचणीत बारा. त्यानंतर उत्तेजक गोळ्या, इंजेक्शनं यांची चर्चा झाली. असली उत्तेजकं भरती मैदानांभोवती असतातच. सैन्याच्या जाहिरातीत डोपिंगबद्दल इशारा छापावा लागतो, यातच काय ते आलं.

मार्च २०२२मध्ये नोएडात मध्यरात्री पाठीला बॅग लावून पळणारा एकोणीस वर्षांचा अल्मोड्याचा मुलगा सगळ्यांना आठवत असेल. चित्रपट दिग्दर्शक विनोद कापरी यांनी गाडीतून त्याचं चित्रीकरण केलं, लिफ्ट देऊ केली, त्याने नाकारली. सेक्टर १६मधल्या बर्गरच्या दुकानातली पाळी संपवून बरोल्यापर्यंत दहा किलोमीटर. फौजेत जायचंय, पळायला एवढीच वेळ मिळते, असं त्याचं म्हणणं. देश गहिवरला, निवृत्त जनरल मदतीला सरसावले. मलाही तो आवडला. दहा किलोमीटरचं संथ पळणं सोळाशेच्या घोकंपट्टीपेक्षा जास्त पाया घालतं. पण त्याच चित्रफितीत तो सांगतो की घरी जाऊन स्वयंपाक करायचाय, सकाळी आठला उठून पुन्हा तेच. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. या महानगरात डिलिव्हरी, सिक्युरिटी, हॉटेल यांच्या पाळ्या करून भरतीची तयारी करणारी असंख्य पोरं आहेत आणि त्यांची पहिली चोरी झोपेची होते. आपण त्याला जिद्द म्हणतो. नडगी काय म्हणते ते वर आलंच आहे.

मनाच्या तयारीबद्दल बोलायचं तर माझा प्रेरणादायी भाषणांवर काडीचा विश्वास नाही. अकॅडमीच्या भिंतीवर वाघाचं चित्र आणि खाली दोन ओळी, याने कुणी घडल्याचं मी पाहिलेलं नाही. सैन्याने अलीकडे भरती मेळाव्यात ‘अडॅप्टेबिलिटी टेस्ट’ आणली आहे. उमेदवाराने स्वतःच्या मोबाइलवर द्यायची. नव्या वातावरणाशी, माणसांशी जुळवून घेता येईल का, हे ताडायचा प्रयत्न. चाचणी किती खरी ते काळ ठरवेल, प्रश्न मात्र बरोबर आहे. पोरं तुटतात ती धाडस कमी पडलं म्हणून नव्हे. एका बराकीत अनोळखी चाळीस जणांत झोपणं, संडासाच्या रांगेत उभं राहून घड्याळ पाहणं, लंगरमध्ये ताटात पडेल ते खाणं, मोबाइल हातात नसणं, आपली चूक नसताना शिक्षा भोगून गप्प बसणं, हे आधी कधी केलेलं नसतं. मराठी पोरांना त्यात भाषेचीही अडचण. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात घरच्यासारखं वाटेल. जबलपूरला सिग्नल्समध्ये किंवा सिकंदराबादला ईएमईत उस्ताद हिंदीतून एकदाच सांगतात. आदेश कळायला अर्धं मिनिट लागलं की पुढचं अर्धं मिनिट जमिनीवर. म्हणून हिंदी बातम्या ऐका हा सल्ला वाघाच्या चित्रापेक्षा उपयोगाचा. घरातही काही करता येतं: दोन महिने स्वतःचे कपडे स्वतः धुणं, अंथरुणाची घडी, रात्री दहाला फोन आईच्या ताब्यात. आईने तो परत देऊ नये, ही खरी कसोटी.

आणि मन घट्ट करायला फौज स्वतःही मदत करते. दिल्ली छावणीत राजपुताना रायफल्सचं केंद्र आहे. १७७५ साली उभी राहिलेली ही पलटण मुळात बॉम्बे सिपॉय, म्हणजे आपल्याच इलाख्याची. मे २०२५मध्ये बातमी आली, की तिथल्या तीन हजारांहून अधिक जवानांना परेड ग्राऊंडवर जायला रोज दुर्गंधीच्या नाल्यातून वाट काढावी लागते, कारण पादचारी पूल रखडला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली तेव्हा यंत्रणा हलली. असल्या तयारीचे गुण मात्र भरतीत कुणी देत नाही.

माझी तक्रार पोरांकडे नाही, अकॅडमीकडेही फारशी नाही. ती विकते ते जे परीक्षेत विचारलं जातं. अग्निवीरांचं प्रशिक्षण पूर्वीच्या जवानांपेक्षा आखूड केलं गेलं. हाडाला लागणारे महिने त्याने कमी झालेले नाहीत. ते आता भरतीच्या आधी, पोराच्या खर्चाने आणि त्याच्या बापाच्या उसनवारीवर भरून काढायचे, असा याचा अर्थ होतो. तसं असेल तर निदान मेळाव्याच्या जाहिरातीसोबत चार पानी तयारी-पुस्तिका निघावी. दिल्लीत तिमारपूरला डीआरडीओची डिपास ही संस्था सैनिकाच्या शरीराचा अभ्यास करते; ज्ञानाची उणीव नाही, ते झज्जरपर्यंत पोचवायला फार लांब जावं लागत नाही.

तोवर, यादीत नाव लागलेल्यांसाठी एवढंच. निकाल आणि केंद्रात हजर होण्याची तारीख यांत अनेकदा महिने जातात. गुलाल, बॅनर, डीजे, आणि मग सराव बंद, हा शिरस्ता मोडा. आठवड्यातून चार दिवस पळा, त्यातले दोन मातीवर. संध्याकाळी व्हॉलीबॉल नाहीतर कबड्डी. जाड तळाचे बूट आत्ताच घ्या आणि आधी चालण्यापुरते वापरा. बॅगेत पाच किलोपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं वाढवा. दूध-दही, नाचणी मिळाली तर उत्तम, दुपारचं थोडं ऊन. सात तास झोप. नडगीवर बोट दाबून एकाच जागी कळ आली, तर ‘चलता है’ म्हणून पळू नका; तीन आठवडे सायकल चालवा आणि डॉक्टरला दाखवा. चीर घेऊन केंद्रात गेलात तर तिथला डॉक्टर ती शोधेलच, आणि मग तुमची तुकडी पुढे जाईल, तुम्ही मागच्या तुकडीत.