खुनाविना पोलीसकथा: निकोलस रिया आणि त्यांचे एडन्सफील्ड

निकोलस रिया हे पीटर नॉर्मन वॉकर या इंग्रज लेखकाचे टोपणनाव. गुन्हेकथा लिहिणारे वॉकर स्वतः तीस वर्षे पोलीस खात्यात होते. उत्तर यॉर्कशरमधल्या एका खेड्यातल्या कॉन्स्टेबलच्या त्यांनी लिहिलेल्या गोष्टींवरून ‘हार्टबीट’ ही दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ती १९९२ पासून २०१० पर्यंत चालली. वॉकर यांनी विविध नावांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांत खून, दरोडे, अपहरणे सगळे आहे. पण नाव झाले ते ज्या पुस्तकांत खून जवळजवळ नाहीच, त्यांच्यामुळे.

वॉकर यांचा जन्म १९३६ चा, ग्लेझडेल या गावचा. हे गाव नॉर्थ यॉर्क मूर्स या टापूत येते. मूर म्हणजे उंचावरचे उघडे माळरान. झाडे तुरळक, हेदरची खुरटी झुडपे मात्र मैलोन्‌मैल. उन्हाळ्याच्या अखेरीस ती फुलली की सारा माळ जांभळा होतो. मधूनमधून खोल दऱ्या आणि त्या दऱ्यांत दगडी घरांची लहान गावे. शिष्यवृत्ती मिळवून वॉकर जवळच्या व्हिट्बी बंदरातल्या शाळेत शिकले आणि १९५२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पोलीस कॅडेट म्हणून भरती झाले. १९५६ मध्ये ते व्हिट्बीतच कॉन्स्टेबल झाले. त्यांच्या लेखनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नेमणूक मात्र १९६४ च्या सुमाराची. ऑस्वल्डकर्क या खेड्याचे पोलीस म्हणून ते तिथल्या पोलीसघरात कुटुंबासह राहायला गेले.

त्या काळातला खेड्यातला कॉन्स्टेबल ही इंग्लंडमधली एक वेगळीच व्यवस्था होती, आणि ती समजल्याशिवाय या गोष्टींची गोडी कळत नाही. खाते त्याला राहायला घर देई आणि त्याच घराची एक खोली म्हणजे चौकी. कामाची वेळ कागदावर ठरलेली असली तरी दारावर थाप केव्हाही पडे. तो गस्तीवर असताना फोन घेणे, निरोप लिहून ठेवणे, रडत आलेल्या माणसाला बसवून चहा देणे हे त्याच्या पत्नीकडे येई. या कामाचा पगार तिला मिळत नसे, पण ती जवळजवळ खात्याचीच माणूस असे. आसपासची पाचसहा गावे आणि विखुरलेली शेते मिळून त्याचे बीट. त्यावर तो मोटारसायकलने फिरे. खिशातले रेडिओ अजून आलेले नव्हते. त्यामुळे ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेलिफोन बूथपाशी थांबायचे, असा नियम होता. सार्जंटला काही सांगायचे असले तर तो तिथे फोन करी किंवा स्वतः हजर होई. कडाक्याच्या थंडीत पहाटे दोन वाजता अशा बूथशी उभे राहणे हा नोकरीचाच भाग होता.

गुन्हे थोडे असले तरी काम भरपूर असे. शेतकऱ्यांच्या जनावरांच्या नोंदवह्या तपासायच्या, डुकरे एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायला परवाना द्यायचा, मेंढ्यांना औषधी पाण्यात बुडवून काढतात तेव्हा हजर राहायचे. बंदुकांचे परवाने पाहायचे, पब वेळेवर बंद होतो की नाही याकडे लक्ष ठेवायचे, चोरटी शिकार करणाऱ्यांना हेरायचे, हरवलेले कुत्रे सांभाळायचे. अपघातात कोणी दगावले तर त्याच्या घरी जाऊन ते सांगायचे कामही त्याच्याच वाट्याला येई.

या सगळ्यात कायद्याच्या पुस्तकात न सापडणारा एक प्रश्न रोज समोर येई: खटला भरायचा की समज देऊन सोडायचे? ज्याला आज दंड करायचा त्याच्याच दुकानातून उद्या भाजी आणायची, त्याच्या मुलाबरोबर आपली मुले शाळेत बसणार. कडक वागले तर गाव तोंड फिरवते आणि पुढची खबर मिळत नाही; ढिले वागले तर सार्जंट धारेवर धरतो आणि गावही गैरफायदा घेते. वॉकर यांच्या गोष्टींतला खरा ताण इथे आहे. गुन्हेगार कोण हे बहुतेक वेळा सगळ्या गावाला ठाऊकच असते. आता त्याचे करायचे काय, एवढेच ठरायचे असते.

लेखनाची सुरुवात मात्र त्यांनी रूढ वाटेने केली. नोकरीत असतानाच, १९६७ मध्ये, ‘कार्नबी अँड द हायजॅकर्स’ ही त्यांची पहिली कादंबरी निघाली. पुढे त्यांनी वेगवेगळ्या मालिकांसाठी वेगवेगळी नावे घेतली: ख्रिस्तोफर कोरम, टॉम फेरिस, अँड्र्यू आर्नक्लिफ. ‘एमरडेल’ या लोकप्रिय मालिकेवरच्या कादंबऱ्या त्यांनी जेम्स फर्ग्युसन या नावाने लिहिल्या. निकोलस रिया या नावातले आडनाव त्यांच्या आईच्या माहेरचे. या नावाने १९७९ मध्ये ‘कॉन्स्टेबल ऑन द हिल’ आले आणि एडन्सफील्ड या कल्पित गावाची ओळख झाली. वॉकर तेव्हा अजून खात्यातच होते. इन्स्पेक्टरच्या हुद्द्यावर पोचून, वृत्तपत्रांशी संपर्काचे काम सांभाळून ते १९८२ मध्ये निवृत्त झाले आणि पूर्ण वेळ लिहू लागले. या मालिकेची पुढे तीसहून अधिक पुस्तके झाली.

या पुस्तकांना कादंबरी म्हणणे तसे सैल बोलणे आहे. गोष्ट सांगणारा तरुण कॉन्स्टेबल निक. टेकडीवरच्या पोलीसघरात पत्नी मेरी आणि लहान मुलांसह राहणारा. प्रत्येक प्रकरणात एखादा विषय धरून तीनचार हकिकती येतात, आणि त्या सांगण्याची रीत चुलीपाशी बसून जुन्या आठवणी काढणाऱ्या माणसाची आहे. शिस्तीचा कडवा सार्जंट ब्लेकटन, वय झालेला कॉन्स्टेबल व्हेंट्रेस आणि क्लॉड जेरेमाया ग्रीनग्रास हा भंगारवाला, हरहुन्नरी शिकारचोर ही माणसे यातलीच. थर्स्कचे पशुवैद्य आल्फ वाइट यांनी जेम्स हेरियट या नावाने याच परिसरातल्या आपल्या अनुभवांच्या गोष्टी सत्तरच्या दशकात लिहून अफाट वाचक मिळवले होते. वॉकर यांची पुस्तके त्याच जातकुळीतली आहेत, पण एका बाबतीत त्यांचे काम अधिक अवघड होते. आजारी गाय बरी झाली की सगळे खूश होतात. पोलिसाने केलेल्या निवाड्यात कोणीतरी नाराज राहतेच. ती नाराजी न लपवता माणसांविषयीचा जिव्हाळा टिकवणे त्यांना साधले.

आणखी एक गोष्ट या पुस्तकांना वजन देते. ती छापली जात होती तेव्हा त्यांतले जग मोडत आले होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये पोलिसांच्या गस्तीच्या ‘पांडा’ गाड्या आणि अंगावर वागवायचे रेडिओ आले; एक गाडी अनेक गावे सांभाळू लागली. छोटी पोलीस दले एकमेकांत विलीन झाली. वॉकर ज्यात भरती झाले ते यॉर्कशरच्या नॉर्थ रायडिंग विभागाचे दल १९६८ मध्ये मोठ्या दलात गेले आणि १९७४ मध्ये नॉर्थ यॉर्कशर पोलीस दल उभे राहिले. खेड्यांतली पोलीसघरे एकेक करून विकली गेली. त्यामुळे करमणूक म्हणून लिहिलेली ही पुस्तके एका संपलेल्या नोकरीचा तपशीलवार दस्तऐवजही ठरतात.

यॉर्कशर टेलिव्हिजनने त्यांवर मालिका काढली तेव्हा पटकथेची घडी आयरिश लेखक जॉनी बर्न यांनी बसवली. हेरियट यांच्या गोष्टींवरच्या बीबीसी मालिकेसाठीही त्यांनी लिहिले होते. पहिला भाग १० एप्रिल १९९२ रोजी दाखवला गेला. बदल मोठे होते. पुस्तकातला निक त्याच मातीतला. पडद्यावरचा निक रोवन लंडनहून आलेला, आणि त्याची पत्नी केट डॉक्टर. या भूमिका निक बेरी आणि निव क्युसॅक यांनी केल्या. बाहेरून आलेल्या जोडप्याच्या डोळ्यांनी गाव पाहिल्यामुळे प्रेक्षकाला शिरकाव सोपा झाला, आणि डॉक्टर पत्नीमुळे दवाखान्याच्या गोष्टीही हाती आल्या. पण फोनपाशी बसून अर्धी चौकी चालवणारी पोलिसाची बायको त्यात हरवली, आणि पुस्तके वाचलेल्याला ही उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही. साठच्या दशकातली गाणी हा मालिकेचा कणाच होता. बडी हॉलीचे शीर्षकगीत निक बेरींनी स्वतः गायले आणि ते ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. ब्लेकटनच्या भूमिकेत डेरेक फोल्ड्स होते, ‘येस मिनिस्टर’ या विनोदी मालिकेतले बर्नार्ड. ग्रीनग्रास झालेले बिल मेनार्ड इतके लोकप्रिय झाले, की पुस्तकातला हा अधूनमधून भेटणारा लबाड मालिकेचा आधारस्तंभच बनला. भरभराटीच्या काळात प्रेक्षकसंख्या कोटीच्या वर होती. बेरी १९९८ मध्ये बाहेर पडले, नवे कॉन्स्टेबल आले आणि गेले, तरी मालिका १८ पर्वे आणि ३७२ भाग टिकली. तिच्यातूनच २००३ मध्ये ‘द रॉयल’ ही रुग्णालयावरची मालिका निघाली.

एडन्सफील्डचे बाह्यचित्रण गोथलंड या मूर्सवरच्या छोट्या गावात होई. तिथे मालिकेच्या चाहत्यांची गर्दी लोटली आणि अजूनही लोक येतात. वाफेच्या गाड्या धावणारे तिथले स्थानक पहिल्या हॅरी पॉटर चित्रपटातही वापरले गेले.

वॉकर स्वतः मात्र ऑस्वल्डकर्कच्या शेजारच्या अँपलफर्थ गावी राहून लिहीत राहिले. मार्क पेम्बर्टन हा डिटेक्टिव्ह सुपरिंटेंडेंट आणि शकुन-अपशकुन मानणारा इन्स्पेक्टर माँटेग्यू प्लूक हे त्यांचे नंतरचे नायक. १९९३-९४ मध्ये ते ब्रिटनच्या गुन्हेकथालेखक संघटनेचे अध्यक्ष होते. ‘डार्लिंग्टन अँड स्टॉक्टन टाइम्स’ या साप्ताहिकात पक्षी, ऋतू, जुन्या चालीरीती यांवरचे त्यांचे सदर १९७६ पासून चालू होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर सदराचे काम त्यांच्या मुलीने हाती घेतले.