विश्वस्तांच्या खुर्चीत कर्णबधिर माणूस

संस्था कशा चालतात : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण संस्थेची घटना, सभासदांची यादी आणि वार्षिक सभा यांविषयी बोललो. आज विश्वस्तांकडे येऊ. उदाहरण मुद्दाम कर्णबधिरांसाठी चालणाऱ्या संस्थांचं घेतो. विश्वस्ताने कोणाच्या वतीने बोलायचं हा प्रश्न सगळ्याच संस्थांत असतो; पण जिथे ऐकू येणारी माणसं ऐकू न येणाऱ्यांसाठी निर्णय घेतात, तिथे तो फार टोकदार होतो.

आधी कायद्याचं पाहू. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यात मूकबधिर विद्यालय किंवा वसतिगृह चालवणारी संस्था बहुधा दोनदा नोंदलेली असते : एकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि एकदा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. अशा संस्थेच्या पत्रावर वरच्या कोपऱ्यात ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक असतो, तो या दुसऱ्या नोंदणीचा. तो क्रमांक मिळाला की संस्थेची जागा, इमारत, बँकेतली ठेव, देणगीतून आलेली यंत्रं हे सगळं समाजाचं होतं. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सदस्य तेवढे त्याचे राखणदार. कायद्याच्या नजरेत विश्वस्त ते हेच, मग लेटरहेडवर त्यांना काहीही म्हणा.

राखणदाराला कोणकोणत्या गोष्टी करता येत नाहीत, हे याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी घेतल्याशिवाय संस्थेची जागा विकता येत नाही, बदलून देता येत नाही, दान करता येत नाही. शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जागा ३ वर्षांहून जास्त काळ भाड्याने देता येत नाही. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. कर्तव्यात कसूर, हिशेबात वारंवार टाळाटाळ किंवा पैशाचा अपहार दिसला, तर कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, पदावरून काढताही येतं. आणि कार्यकारिणीत कुठलाही बदल झाला, कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला, नवी निवड झाली, तर ९० दिवसांच्या आत त्याचा अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. आपल्याकडे सगळे त्याला ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात.

हा चेंज रिपोर्ट साधा वाटतो, पण संस्था बुडतात त्या बऱ्याचदा इथेच. संस्थापक वारतात, दोन गट पडतात, दोघेही आपापल्या निवडीचा अर्ज देतात आणि वाद वर्षानुवर्षं चालतो. तोवर बँकेत सह्या कोणाच्या चालतील हे ठरत नाही, अनुदानाचा प्रस्ताव कोणाच्या सहीने जाईल हेही ठरत नाही. अनुदानित विशेष शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, नेमणूक मात्र संस्था करते. त्यामुळे खुर्चीला किंमत येते आणि भांडणाला जोर येतो. या भांडणात कर्णबधिर मूल कुठे असतं? वसतिगृहात, मेस कधी सुरू होणार याची वाट पाहत. काय चाललंय हे त्याला कोणी सांगतही नाही.

आता याच्या उलट उदाहरणासाठी वझ्झरकडे जाऊ. अचलपूर-परतवाड्याच्या बाजूला, मेळघाटच्या पायथ्याशी हे गाव आहे. तिथे स्व. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचं मतिमंद, मूकबधिर, बेवारस मुलांचं बालगृह आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभं केलं, त्यांतले हे अंबादासपंत. बालगृह उभं केलं आणि जगवलं ते शंकरबाबा पापळकर यांनी. कुणी रेल्वे स्टेशनवर सोडलेलं, कुणी बस स्टँडवर, कुणी उकिरड्यावर सापडलेलं, अशी मुलं त्यांच्याकडे आली. १२३ मुलांचे बाप म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मुलांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या जागी त्यांचंच नाव आहे. या मुलांनी तिथल्या माळावर हजारो झाडं लावून जगवली. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री मिळाली.

सत्काराच्या बातम्यांत एक गोष्ट हरवली, ती मला सगळ्यात मोठी वाटते. बालन्यायाचा कायदा मुलाला १८ वर्षांपर्यंत बालगृहात ठेवतो. त्यानंतर अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यावरच्या आधाराची, सोय २१ पर्यंत. पुढे काय? जिला बोलता येत नाही, ऐकू येत नाही, आईबाप कोण ते ठाऊक नाही, अशी २१ वर्षांची मुलगी कुठे जाणार? शंकरबाबा गेली अनेक वर्षं एकच मागणी करताहेत : बेवारस दिव्यांगांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा, त्यांना त्याच घरात राहू द्या. स्वतः त्यांनी एकाही मुलाला वयाकडे बोट दाखवून बाहेर काढलं नाही. मुलींची लग्नं लावली, मुलांना कामाला लावलं. संस्थेचं नेतृत्व म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण वऱ्हाडात मला ठाऊक नाही. सरकारी नियम जिथे संपतो त्याच्या पुढे माणसाचं आयुष्य उरलेलं असतं, हे त्यांनी पाहिलं आणि संस्थेचं काम तिथपर्यंत नेलं.

पण प्रत्येक संस्थेला शंकरबाबा मिळत नाही. एका माणसाच्या मायेवर उभ्या राहिलेल्या संस्था विदर्भात खूप आहेत. तिथे घटना आणि ठरावांचा विषय काढला की ऐकायला मिळतं, ‘‘बाबा हायेत न, मंग कागद कायले पायजे?’’ यात श्रद्धा आहे, आणि ती खरी आहे. तरी कागद पाहिजेच. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि विश्वस्तांच्या हाती सोपवल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. उभं करणं आणि सोपवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं आहे.

सोपवायचं कोणाकडे? माझं म्हणणं स्पष्ट आहे. कर्णबधिरांच्या संस्थेत विश्वस्तांमध्ये कर्णबधिर माणसं असलीच पाहिजेत. शोभेपुरता एक नको, पुरेशा संख्येने हवीत.

ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही, आणि त्याची मुळं खोल आहेत. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात जन्मतः बहिऱ्या-मुक्या माणसाला वारसा मिळत नसे. भाऊ जमीन वाटून घ्यायचे आणि त्याला फक्त पोटाला अन्न द्यायचे. ही वगळणूक काढण्यासाठी १९२८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कलम २८ मध्ये स्वच्छ लिहिलं की आजार, व्यंग किंवा विकृतीमुळे कोणाचाही वारसा जाणार नाही. म्हणजे आजच्या विश्वस्तांच्या आजोबांच्या काळापर्यंत कर्णबधिर माणसाकडे मालमत्ता सोपवायची नाही अशी रीत होती. पोटाला घाला, कारभार देऊ नका. आपल्या कितीतरी संस्था आजही नेमक्या याच रीतीने चालतात, आणि चालवणाऱ्या भल्या माणसांना त्याची जाणीवही नसते.

आजच्या कायद्यात अडचण कसलीही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं कलम १३ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. मालमत्ता बाळगणं, आर्थिक व्यवहार सांभाळणं हे तिचे हक्क आहेत. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त क्षती असेल तर कर्णबधिर आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर ऐकण्यास कठीण, अशा दोन पातळ्या हा कायदा मानतो. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून जास्त लोकांची श्रवणदोषाखाली नोंद झाली. इतक्या माणसांतून विश्वस्त व्हायला लायक कोणी सापडत नाही, हे ऐकून घ्यायला मी तयार नाही.

या बाबतीत १९८८ चा मार्च महिना विसरता येत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनला गॅलॉडेट विद्यापीठ आहे, कर्णबधिरांचं. १८६४ मध्ये त्याच्या सनदेवर अब्राहम लिंकन यांनी सही केली. त्यानंतर १२४ वर्षं त्याचा प्रत्येक अध्यक्ष ऐकू येणारा होता. १९८८ मध्ये अध्यक्षपदासाठी तीन नावं उरली. त्यांतले दोघे कर्णबधिर होते. ६ मार्चला विश्वस्त मंडळाने तिसरं नाव निवडलं, एलिझाबेथ झिन्सर यांचं. त्यांना ऐकू येत होतं आणि खुणांची भाषा येत नव्हती. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा जेन स्पिलमन यांनाही ती येत नव्हती. विद्यार्थ्यांनी फाटकं बंद केली, संसदेवर मोर्चा नेला. त्यांच्या मागण्या चार होत्या : झिन्सर यांनी जावं, स्पिलमन यांनी जावं, विश्वस्त मंडळावर ५१ टक्के कर्णबधिर असावेत आणि आंदोलकांवर कारवाई होऊ नये. १३ मार्चला, अवघ्या एका आठवड्यात, आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले आणि विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी फिलिप ब्रॅव्हिन हे कर्णबधिर गृहस्थ आले. मंडळावर कर्णबधिरांचं बहुमत आणण्याची तयारीही दाखवली गेली. त्या चार मागण्यांत मला तिसरी सगळ्यात शहाणी वाटते. विद्यार्थ्यांना कळलं होतं की माणूस बदलून भागत नाही, माणूस निवडणारं मंडळ बदलावं लागतं.

अकोल्यात किंवा अमरावतीत कर्णबधिर विश्वस्त असता तर काय वेगळं झालं असतं? अंदाजपत्रक वेगळं झालं असतं. देणगीदाराकडून श्रवणयंत्रं घेऊन त्यांचं समारंभाने वाटप होतं, फोटो निघतात. काही दिवसांनी बॅटरी संपते आणि यंत्र पेटीत जातं. कानातला साचा मूल वाढतं तसा सैल होतो, नवा करावा लागतो. कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलाच्या बाहेरच्या यंत्राची वायर तुटते, दुरुस्तीचा खर्च आईबापांना झेपत नाही. ज्याने हे स्वतःच्या कानाने भोगलं आहे, तो विश्वस्त ‘बॅटरी व दुरुस्ती’ असं वेगळं खातं काढल्याशिवाय अंदाजपत्रक मंजूर होऊ देणार नाही. वसतिगृहात आग लागली तर घंटा ऐकू कोणाला जाणार, दिवा कुठे लुकलुकणार, हे तो विचारेल. खुणांची भाषा येत नसलेला शिक्षक नेमायचा विषय आला तर तो हात वर करेल. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला गेलेल्या कर्णबधिर माणसाला खिडकीतून पुकारलेलं नाव कसं कळणार, हेही त्याच्या अनुभवातलं असतं.

मात्र त्याला सभेत बसवून ठेवलं आणि बाकीच्यांनी एकाच वेळी बोलणं सुरू ठेवलं, तर ती फसवणूक आहे. दुभाषी हवा, त्याचा खर्च संस्थेने द्यावा. विषयपत्रिका आणि मागील सभेचं इतिवृत्त आधी लेखी हातात पडावं. एका वेळी एकाने बोलावं, तोंडावर हात न ठेवता. ठराव मतदानाआधी फळ्यावर लिहावा. हे फार मोठं मागणं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने कामकाजात सहभागी झाल्या. सरन्यायाधीशांच्या पुढे जे चालतं ते परतवाड्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या कार्यकारिणीत चालायला काय हरकत आहे?

महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग जाहीर झाला. त्यासाठी अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी बरीच वर्षं रेटा लावला होता. या विभागाने अनुदानित संस्थांना विश्वस्त मंडळात दिव्यांगांच्या जागांची अट घालावी, असं मला वाटतं. अट येईपर्यंत थांबण्याचं मात्र कारण नाही. सर्वसाधारण सभेने ठराव केला, घटनेत दुरुस्ती केली आणि ती रीतसर मंजूर करून घेतली, तर कुठलीही संस्था याच वर्षी हे करू शकते. शाळेतून शिकून बाहेर पडलेले, आज नोकरी-धंदा करणारे माजी विद्यार्थी तिच्या दारातच आहेत. त्यांना स्नेहसंमेलनाला बोलावता, तसंच सभासद करा आणि निवडणुकीला उभं राहू द्या.

ज्यांचं मूल अशा शाळेत आहे त्या पालकांना एक विनंती. संस्थेचा ‘एफ’ क्रमांक लिहून घ्या आणि अमरावती किंवा अकोल्याच्या धर्मादाय कार्यालयात जाऊन ‘शेड्यूल वन’ची नक्कल मागा. आज कागदावर विश्वस्त कोण आहेत, मालमत्ता कोणती आहे, हे त्यात कळतं. यादीत एकही कर्णबधिर नाव नसेल, तर पुढच्या वार्षिक सभेत तो प्रश्न लेखी विचारा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पुढच्या आठवड्यात : संस्थेचे हिशेब आणि लेखापरीक्षण.