नव्या शॉकअपला जुना बोल्ट चालेल का?

पहाटे दूध संस्थेच्या दारात उभे राहून पाहा. कॅन लटकवलेल्या मोटारसायकली एकामागून एक येत असतात. ४० लिटरचे दोन कॅन भरले की नुसत्या दुधाचेच वजन ८० किलोच्या वर जाते. कॅन, लोखंडी कॅरियर आणि चालवणारा गडी वेगळाच. हा भार मागचे दोन शॉकॲब्झॉर्बर, म्हणजे आपल्या बोलीत शॉकअप, झेलतात. शॉकअप गेला की आपण नवा आणतो, पण तो ज्या बोल्टावर बसतो त्याकडे कोण बघतो?

माझीच फजिती झाली म्हणून लिहितो. तालुक्याला आमच्या गाडीचा शॉकअप मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, "हा बी बसतोय, न्या." नव्या शॉकअपच्या बुशचे भोक १२ मिलिमीटरचे, गाडीवरचा स्टड १० चा. चालतंय म्हणून बसवला. महिन्याभरात मागून खडखड सुरू झाली. एक दिवस ओढ्याच्या उतारावर नट गळाला, शॉकअप निसटला आणि दूध रस्त्यावर सांडले. हातपाय शाबूत राहिले हे नशीब.

भोक सैल असले की प्रत्येक खड्ड्यात बोल्टावर हातोडा बसल्यासारखा दणका बसतो. भोक लांबट होते, स्टड झिजतो. १० च्या जागी ८ चा बोल्ट घातला तर लोखंड जवळजवळ दोन तृतीयांशच उरते, म्हणजे ताकदही तेवढीच.

तेव्हा खरेदीआधी तीन मापे घ्या. दोन्ही डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, बुशच्या भोकाचा व्यास आणि बुशची रुंदी. जुना शॉकअप दुकानात सोबत न्यावा, हे सर्वांत सोपे. नवे शॉकअप जोडीनेच घ्यावेत. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी एका अंगाला ओढते.

भोक मोठे असेल तर पत्रा गुंडाळून भरू नका. लेथवाल्याकडून स्टडवर नीट बसेल अशी पोलादी स्लीव्ह करून घ्या. भोक लहान असेल तर स्टड घासून बारीक करू नका, योग्य मापाचा बुश घाला. खालच्या फोर्कमध्ये बुश अरुंद पडत असेल, तर नट आवळून फोर्कचे कान वाकवू नयेत. दोन्ही बाजूंना सारखे वॉशर घालावेत. बुशची आतली पोलादी नळी डोळ्यापेक्षा किंचित रुंद असते, ती घासू नये. नटाने आवळायची ती नळी. रबराला पिळ घ्यायला मोकळीक हवी.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा पाहून घ्या. भंगारातला साधा बोल्ट नको. बुशच्या आत बोल्टाचा गुळगुळीत भाग यावा, आटे नव्हे. नायलॉनचा लॉकनट एकदा काढला की नवाच लावावा. आणि एक सक्त ताकीद : शॉकअपला वेल्डिंग करू नका, तापवू नका. आत तेल असते, काहींत दाबाचा गॅस असतो, तो जीवावर बेतू शकतो.

बसवताना गाडी मेन स्टँडवर घ्या. एका वेळी एकच शॉकअप काढा, म्हणजे चाक खाली लोंबकळत नाही. नट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा आणि मगच पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळा. स्प्रिंगची खाच दोन्हीकडे सारखी ठेवा. लांबीत फरक असेल तर चेनचा ताण बदलतो, तोही तपासा. पंचवीस-तीस किलोमीटर चालवून नट पुन्हा पाहा.

सरपंच आणि दूध संस्थेच्या सचिवांना एक विनंती. संस्थेत वजनकाट्याशेजारी एक व्हर्नियर आणि पान्यांचा संच ठेवावा. खर्च थोडा आहे. गावच्या पोरांचे हातपाय त्याहून मोलाचे आहेत.

उद्या पहाटे कॅन चढवण्याआधी मागचा शॉकअप हाताने हलवून बघा. जरा जरी खडखडला, तर दूध तासभर उशिरा गेले तरी चालेल, पण गाडी बाहेर काढू नका.