विमानाचें ओझें आणि इंधनाचा जमाखर्च

काटकसर म्हणजे एखाद्या मोठ्या खर्चाला कात्री लावणें, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मतें खरी काटकसर नित्याच्या लहान खर्चांत असते. विमानकंपन्यांचा व्यवहार पाहिला असतां हें तत्त्व वाचकांस सहज पटेल.

विमान हवेंत राहावयाचें तर त्याच्या वजनाइतकी उचल पंखांनीं दिली पाहिजे. ही उचल फुकट मिळत नाहीं. वजन वाढलें कीं हवेचा अवरोध वाढतो, आणि इंजिनांस अधिक इंधन जाळावें लागतें. त्या इंधनालाही वजन असतेंच! लांबच्या प्रवासांत जादा वजनाच्या शेंकडा सुमारें ३ इतकें इंधन दर तासास खर्चतें, असा ठोकळ हिशेब आहे. म्हणजे १०० किलो ओझें १० तास वाहिलें, कीं सुमारें ३० किलो इंधन गेलें.

अमेरिकन एअरलाइन्सनें २०१३ सालीं वैमानिकांच्या नकाशांच्या व पुस्तकांच्या सुमारें १६ किलोंच्या पिशव्या बंद करून त्यांच्या जागीं आयपॅड दिले. वर्षास निदान ४ लक्ष गॅलन इंधन वांचेल, असा कंपनीचा अंदाज होता. पुढें २०१८ च्या सुमारास युनायटेड एअरलाइन्सनें आपल्या मासिकाचा कागद हलका केला. प्रत अवघी १ औंस, म्हणजे सुमारें २८ ग्रॅम, उतरली. पण वार्षिक बचत १ लक्ष ७० हजार गॅलनांची सांगण्यांत आली. थेंबें थेंबें तळें साचतें, तें असें!

विमान बांधतांनाच हलकें केलें, तर लाभ त्याच्या आयुष्यभर मिळतो. २०११ मध्यें प्रवासीसेवेंत आलेल्या बोइंग ७८७ विमानाचा वजनानें सुमारें निम्मा भाग संमिश्र द्रव्यांचा, मुख्यतः कार्बनतंतूंचा आहे.

प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. १ किलो इंधन जळलें, कीं हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन ३ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायु निर्माण होतो, आणि तो पुढील पिढ्यांच्या माथीं बसतो. मात्र राखीव इंधन व सुरक्षिततेचीं साधनें यांस हात लावतां येत नाहीं. काय टाकावें आणि काय राखावें, हा विवेक काटकसरीचा प्राण होय.

परदेशीं मुलांकडे निघालेल्या मंडळींनींही हें ध्यानांत ठेवावें. १६ तासांच्या प्रवासांत २ किलो सामानास जवळजवळ १ किलो इंधन लागतें. घरचें लोणचें अवश्य न्यावें. पण तेथील वाण्याकडे मिळणारी डाळ पेटींत कशाला?