नळदुर्ग परिसर : पाणी, पीक आणि पशुधन

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, बोरी नदीकाठी वसलेले आहे. पर्जन्यछायेतील या प्रदेशात पाण्याची साठवण ही वस्तीची पहिली अट ठरली. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात, १६१३ मध्ये, किल्ल्यात नदी अडवून बांधलेला पाणीमहाल त्याची साक्ष देतो.

येथील पारंपरिक अर्थव्यवस्था रब्बी ज्वारीवर उभी होती. ज्वारीपासून माणसांना धान्य व जनावरांना कडबा मिळे. शेती आणि पशुपालन परस्परांना आधार देत. अलीकडच्या दशकांत खरिपात सोयाबीन व त्यामागून हरभरा घेतला जाऊ लागल्याने ज्वारीचे क्षेत्र आक्रसले. या पिकांतून रोख पैसा हाती येतो. परंतु कडब्याची उणीव भरून निघत नाही. सिंचनाची सोय असलेला शेतकरी उसाकडे वळतो व भूजलावरील ताण वाढतो. अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांना काटक उस्मानाबादी शेळीचा आधार उरतो. ती झाडपाल्यावर जगते व अडीअडचणीला विकता येते.

सारांश, येथील पीकबदलाचे मूल्यमापन केवळ रोख उत्पन्नावरून करणे अपुरे आहे. पाणी व वैरण यांचाही हिशेब त्यात धरणे आवश्यक ठरते.